वाट गुंडाळणारा भगत

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीच्या सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. गाडी नवी होती आणि तिच्यावर माझा जो जीव जडला होता तो या वयात चारचौघांत सांगण्यासारखा नाही. बायको दारातून म्हणाली, "जादूगार शोधायला निघालायस की गाडी मिरवायला?" मी म्हटलं, दोन्ही. ते खरंच होतं.

जादूगारांचं असं की, गेली काही वर्षं मी ते गोळा करतो आहे. हाडामांसाचे नव्हेत, गोष्टींतले. पुराणांतले रणात एकाचे शंभर होणारे मायावी असुर, चिमूटभर भस्मानं माणसाचा पोपट करणारे जोगी, भर दरबारात दोरी हवेत उभी करून तिच्यावरून चढून नाहीसे होणारे गारुडी. त्यांच्यावर एक लेखमाला लिहायचं मनात आहे. या सगळ्या गोष्टींत मला एक गंमत आढळली: जादूगार काय करतो याबद्दल दोन सांगणाऱ्यांचं एकमत नसतं, पण तो दिसतो कसा ते मात्र सगळे ठासून सांगतात. दाढी, काठी, डोळ्यांतला लालपणा. तेव्हा कुठंही गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला: दिसायला कसा होता?

कर्जतच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी सांगितलं की तिकडच्या जांभूळमाळ नावाच्या ठाकरवाडीत एका भगताची गोष्ट आहे (भगत म्हणजे मंत्र, झाडपाला आणि देवाचं बोलणं सगळं सांभाळणारा माणूस). हा भगत म्हणे वाटा गुंडाळून ठेवायचा. गोष्ट आंबीबाई नावाच्या म्हातारीला येते. शिक्षकांनी वाडीतल्या पदूचा फोन दिला. पदू म्हणाला, "रविवारी या. माझ्या पोरीचं लगीन हाय, आंबीबाय हितंच असंल. तीच आमची धवलारीण." धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, त्या गाण्यांनीच लग्न लागतं. मग त्यानं रस्ता सांगितला. "चौक गावावरनं कर्जतच्या रस्त्याला लागा. पूल यायच्या आधी शाळा लागंल. शाळेच्या अंगानं डावीकडं वर या. त्याच्या आधी एक कमान लागंल, तिकडं वळू नका. तिकडं समदे बंगले झालेत, वाट बंद हाय."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं.

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला आलो. तिथून सरळ कर्जतला जाता आलं असतं, पण चौकातल्या एका हॉटेलातल्या मिसळीची तारीफ ऐकली होती, आणि गाडी चालवायला तेवढाच जास्त रस्ता मिळत होता. खालापूर गेलं, कुंभिवलीचे कारखाने गेले. चैत्राचं ऊन सकाळीच तापलं होतं. चौकात गॅरेजांच्या रांगेसमोर ते हॉटेल सापडलं. गाडी मला बसल्या जागेवरून दिसेल अशी लावली आणि मिसळ मागवली. तारीफ खोटी नव्हती.

समोरच्या बाकावर एक म्हातारा येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, पायांत नव्या चपला. एका हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि दुसऱ्या हातात गोणपाटाचं गाठोडं. ते त्यानं टेबलाखाली ठेवलं आणि सुक्या मासळीचा वास माझ्या मिसळीपर्यंत आला.

"सायब, कर्जतकडं का?" त्यानं विचारलं.

"त्याच बाजूला."

"जांभूळमाळ ठाव हाय का? ठाकरवाडी हाय."

मी पाव मोडत राहिलो. तो सांगू लागला. त्याचं नाव चाहू. कुंभिवलीला एका कारखान्याची बाग बघतो. आज भाचीचं लग्न. "बहीन गेली त्याला दोन पावसाळे झाले. तवापास्नं गेलोच नाय तिकडं. पयल्यांदा खिंडीतनं चालत जायाचो, ती खिंड आता बंद झाली म्हनतात. नवा रस्ता झालाय म्हनं, पन तो फुटतो कुठं ते नाय ठाव. आमच्यात मामानं हात धरल्याबिगर पोरगी मांडवात जात नाय. आई बी नाय तिला."

"गाठोड्यात काय आहे?"

"सुकट हाय, बोंबील हायती. भाचीला आवडतात."

माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या होत्या. मी त्याच वाडीत, त्याच मांडवात चाललो होतो. पण डोळ्यांसमोर आलं ते सीटवरचं प्लॅस्टिक आणि बंद काचांत कोंडलेला तो वास. मी म्हणालो, "मी नेरळला चाललोय हो. नाहीतर सोडलं असतं."

नेरळचा रस्ता कर्जतवरूनच जातो. हे त्याला माझ्याहून जास्त माहीत असणार. त्यानं फक्त साडीची पिशवी मांडीवर घेतली.

इथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्यानं पुन्हा विचारलं, "मग रस्ता तरी सांगा. फोनमदी दिसतो ना?" शाळेचा रस्ता सांगावा तर पंचाईत, त्याच वळणावर मागून येऊन तो मला गाठणार. म्हणून मी फोन काढला, नकाशा उघडला. कमानीतून वाडीकडे जाणारी एक बारीक रेघ त्यात खरोखर होती, आणि ती शाळेच्या रस्त्याहून जवळची होती. "हा बघा," मी चष्मा सावरून म्हणालो, "कमानीपाशी उतरा. आत सरळ गेलात की वाडी. जवळ पडेल तुम्हाला." पदूचं वाक्य कानात होतं. मी स्वतःला सांगितलं की यंत्र पदूपेक्षा ताजं असतं.

चाहूनं हात जोडले, गाठोडं उचललं आणि टमटममध्ये जाऊन बसला.

पुढे रस्त्यात मी त्या टमटमला मागं टाकलं. आरशात बघितलं नाही. कमान आली, दोन सिंह, कारंजं, बंगल्यांच्या जाहिरातीचा फलक. मग शाळा आली. मी डावीकडे वळलो आणि चढ संपेपर्यंत रेडिओ मोठा ठेवला.

जांभूळमाळ छान वाडी आहे. वीस-पंचवीस कुडाची आणि विटांची घरं, मागे डोंगर, समोर करवंदीच्या जाळ्या. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातलेला, त्याच्या सावलीत बायका वाल सोलत होत्या. पदू धावत आला. बिनदुधाचा चहा आला. हळद लावलेली पोरगी, मनीषा तिचं नाव, घराच्या दारात बसली होती. तिनं बापाला विचारलं, "मामा आला का?"

"येतोय गं. सकाळीच निघालाय," पदू म्हणाला आणि माझ्याकडे वळून त्यानं मला मामाचं महत्त्व समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मला ते सगळं माहीत होतं, आणि मामाच्या शर्टाचा रंगही माहीत होता. तेव्हा सांगून टाकता आलं असतं. पण मला वाटलं, तासाभरात तो येईलच, मग हसून वेळ मारून नेऊ.

आंबीबाई मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती. बारीक चणीची, हातभर गोंदलेली, तोंडात पान. भगताची गोष्ट म्हटल्यावर तिनं मान हलवली.

"दिवसा नाय सांगत ती. घरचं मानूस वाटंवर असताना तर नायच. रातच्याला सांगतात. तवा वाटंवर कोन नसतं."

"मला संध्याकाळी परतायचंय, आजी. आणि मामा काय, येतीलच. रस्त्यातच असतील."

"रस्त्यातच हाय म्हनून तर."

मी गयावया केली. पुण्याहून आलो, मुद्दाम आलो, असं सगळं. शेवटी पदूच म्हणाला, "सांग गं आंबे. पावनं लांबनं आल्यात." मांडवातला यजमान, त्याचा शब्द ती कसा मोडणार? तिनं पान थुंकलं, पदर डोक्यावर घेतला आणि आवाज खाली आणून सांगू लागली.

डोंगरावर सगळं रान होतं तेव्हाची गोष्ट. एक भगत होता, त्याचं नाव घेत नाहीत. तो वाटेच्या टोकाला काठी टेकवायचा आणि घोंगडी गुंडाळावी तशी वाट गुंडाळून काखेत मारायचा. वेठीला माणसं धरून न्यायला राजाचे शिपाई यायचे, ते पायथ्याला गोल गोल फिरत राहायचे. लोक भगताला पहिला घास द्यायचे. पुढं त्याच्या बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. भगताचा धाकटा भाऊ साडी घेऊन दुसऱ्या डोंगरावरून निघाला होता. भगतानं वरून पाहिलं तर वाटेवर माणूस. कोण आहे ते त्यानं बघितलं नाही. शिपाईच असणार म्हणून त्यानं वाट गुंडाळली. पुन्हा उलगडली तेव्हा ती मोकळी होती. "भाव आत ऱ्हायला," आंबीबाई म्हणाली. "अजून चालतोय. रानात कान दिला तर पावलं वाजतात. आन भगत तवापास्नं फिरतोय. दिवसाउजेडी त्याची गोष्ट काढली की त्याला वाटतं, आपल्याला हाक मारली, कोनतरी आलंय. मंग तो जवळची वाट गुंडाळतो."

बायका वाल सोलायच्या थांबल्या होत्या. मला गोष्ट इतकी आवडली की क्षणभर मी चौकातलं सगळं विसरलो. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला.

"दिसायला कसा होता?"

"ज्यानं बघितला तो वाटंत अडकला. सांगाया कोन येनार?"

दुपार झाली. मला जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भात. कर्जतचे कडवे वाल, वरून ओल्या खोबऱ्याचा कीस. मी दोनदा बिरडं मागून घेतलं आणि प्रत्येक वेळी मनीषाचा आवाज ऐकला, "मामा आला?" मामाचा फोन लागत नव्हता. त्या डोंगराच्या घडीत कुणाचाच लागत नाही, असं मला सांगण्यात आलं. उन्हं कलली. नवरदेवाकडची माणसं टेंपोतून आली, वाजंत्री आली. वाजंत्री थोडं वाजवून थांबली.

मग कुजबुज सुरू झाली. कुणी आंबीबाईकडे बघेना. बघितलंच तर लगेच दुसरीकडे बघायचं. पदू येरझाऱ्या घालत होता, अखेर तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुला कळत हुतं ना? मंग कशाला तोंड उघडलंस?"

"तूच म्हनालास रं, सांग."

"मी म्हनीन. तू धवलारीण हायेस."

कुणीतरी खालच्या वाडीतून दुसऱ्या धवलारणीला आणायला मोटारसायकल काढली. आंबीबाई मांडवातून उठली आणि घराच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसली. आयुष्यभर वाडीतली लग्नं हिनं लावली होती, मनीषाच्या आईचंसुद्धा. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं, हात धुऊन सुपारी कातरत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की सुपारी तोंडात घालवेना. तरीही जे बोलायचं ते बोललो नाहीच. म्हणालो, "मी गाडी घेऊन बघून येतो."

"लई उपकार होतील," पदू म्हणाला, आणि त्यानं खरंच हात जोडले. सकाळपासून त्या दिवशी मला जोडलेले ते दुसरे हात.

कमानीवरचा वॉचमन पोरगेला होता. "आला होता एक म्हातारा. आतून रस्ता नाही म्हटलं, मागं भिंत आहे. ऐकेना. म्हणे साहेबांनी फोनमध्ये बघितलंय. मग भिंतीच्या कडेकडेनं गेला."

भिंत डोंगराच्या पोटापर्यंत गेली होती. तिच्या बाहेरून गाडी जात नव्हती, चालत गेलो. ज्या रेघेवर मी बोट ठेवलं होतं ती जुनी पायवाट एका जागी सरळ भिंतीत शिरत होती. वर काटेरी तार. तिथून बऱ्याच पुढं, एका ऐनाच्या झाडाखाली चाहू बसला होता. टोपी मांडीवर, चपला बाजूला, बाहीला तारेनं उभी चीर पडलेली. साडीची पिशवी मात्र त्यानं छातीशी धरली होती. भिंतीवर चढून बघ, वळसा घालून बघ, असं दिवसभर करून पाय सुजले होते.

"आलाव का," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. "मामा, मी सकाळी खोटं बोललो. मी वाडीतच चाललो होतो."

"ठाव हाय. टमटममधनं उतरलो तवा तुमची गाडी शाळेपाशी वळताना दिसली."

"मग मागं का नाही आलात?"

"तुमीच म्हनालाव ना, हा जवळचा. वाटलं, तुमचं तिकडं कायतरी काम असंल."

मी त्याला हात देऊन उठवलं. तो माझ्या खांद्यावर भार टाकून गाडीपर्यंत आला. गाठोडं घेऊन मागच्या डिकीपाशी जाऊन उभा राहिला.

"पुढं बसा, गाठोडंही घ्या," मी म्हणालो.

"वास लागंल," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. चौकात टेबलाखाली गाठोडं सरकवताना त्यानं माझं मुरडलेलं नाक बघितलं होतं तर. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पुढच्या सीटवर त्याच्या मांडीशी ठेवलं.

वाटेत मी म्हणालो, "वाडीत मी सगळं सांगतो."

"आज नको. लगीन हाय. पोरं तापट हायती."

वाडीत गाडी शिरली आणि वाजंत्री आपोआप सुरू झाली. मनीषा हळदीच्या अंगानं धावत आली आणि मामाच्या गळ्यात पडली. पदू माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता, "सायबांनी आनला." कुणीतरी माझ्यासाठी नारळ आणि टॉवेल काढला. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आंबीबाई आली. चाहूसमोर वाकून तिनं जमिनीला हात लावला. "माझ्या तोंडानं झालं रं," ती म्हणाली. चाहूनं तिला उठवलं, पण बाकी कुणी पुढं आलं नाही. पदूनं तोंड फिरवलं. दुसरी धवलारीण मोटारसायकलवरून उतरत होती.

चाहूनं नको म्हटलं होतं, हे मला आयतं निमित्त होतं. मी ते घेणारही होतो. पण टॉवेल घेऊन एक बाई माझ्या अगदी समोर आली आणि मला तो खांद्यावर घेववेना. मी म्हणालो, "आंबीबाईंनी काही केलं नाही. सकाळी चौकात मामा मला भेटले होते. मी त्यांना गाडीत घेतलं नाही. वासासाठी. आणि चुकीचा रस्ता मीच दाखवला." यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. आवाजही धड नव्हता. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुढच्यांनी त्यांना पुन्हा सांगितलं. ते माझ्यासमोर पुन्हा सांगितलं जाणं मला फार जड गेलं.

एक तरुण दोन पावलं पुढं आला. चाहूनं त्याच्या दंडाला धरलं. पदू माझ्याकडे बघत राहिला.

"मी तुमाला सांगितलं हुतं, तिकडं वळू नका."

"हो."

"मंग?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. तो आंबीबाईपाशी गेला. "चल गं. उशीर होतोय," म्हणाला. यापलीकडे माफीचं काही बोलणं झालं नाही. मग तिनं पदर खोचला. खालच्या वाडीची धवलारीण हसून तिच्या मागं उभी राहिली आणि दोघींनी मिळून गाणं उचललं. मामानं भाचीचा हात धरला. फाटलेल्या बाहीनंच तो तिला मांडवात घेऊन गेला. माथेरानच्या डोंगरामागं सूर्य टेकला होता. मी मांडवाबाहेर, गाडीपाशी उभा राहून ते बघितलं. कुणी मला आत बोलावलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.

अक्षता पडल्यावर गुपचूप निघावं म्हणून गाडीचं दार उघडलं, तर आंबीबाईची हाक आली. ती पळसाच्या पानांत बांधलेली भाकरी घेऊन आली होती. भाकरीवर सुकटीची चटणी. मागं चाहू, पदू, पाच-सहा बायका.

"सकाळी इचारलं हुतंत ना," ती म्हणाली, "तो कसा दिसतो? मी म्हनलं, सांगाया कोन येनार. हा आला बघा." ती चाहूकडे वळली. "सांग रं त्यांना. तू बघितलास. कसा दिसतो?"

चाहू माझ्याकडे बघून जरा लाजला. मग म्हणाला, "चष्मा हाय त्याला."

सगळे हसले. पदूसुद्धा हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा काढून पुसायचीही सोय उरली नव्हती.

खोपोलीपर्यंत मी काचा बंदच ठेवल्या. घाटाखाली थांबून भाकरी खाल्ली. चटणी तिखट होती, फार चांगली होती. सीटवरच्या प्लॅस्टिकला सुकटीचा वास बसला होता. घरी पोचल्यावर बायकोनं नाक मुरडून विचारलं, "हे काय आणलंस?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की प्लॅस्टिक तरी आता काढून टाक. ते मी काढलं. वास अजून थोडा आहे.

लेखमालेसाठी मी जांभूळमाळचा भगत लिहून काढला. दिसण्याच्या रकान्यात दाढ्या, जटा आणि काठ्यांच्या शेवटी आता एक चष्मा आहे. पण जमवलेल्या सगळ्या गोष्टी पुन्हा चाळताना एक लक्षात आलं. भस्म टाकून झाल्यावर, पोपट करून झाल्यावर, वाट उलगडून ती मोकळी दिसल्यावर त्या जादूगाराला स्वतःची लाज वाटली का, हे कुठल्याच गोष्टीत सांगितलेलं नाही. सांगणाऱ्यांना ते बाहेरून कसं कळणार? माझ्यापुरतं मी सांगू शकतो. वाटते.